छोटा कॉम्प्युटर रोज दुपारी बंद पडतो : कारण कसं शोधावं

दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजला आणि भाचीचं नाव दिसलं की काय झालंय ते मला कळायचं. "मामा, परत गेला." एवढंच बोलायची. दोन तास लावलेलं रेंडर (कॉम्प्युटरने अंतिम चित्र तयार करणं) अर्ध्यावर, स्क्रीन काळी, पंखे गप्प. गेल्या मे महिन्यात हे आठवड्यातून चार-पाचदा व्हायला लागलं, आणि तो डबा मीच बांधून दिला होता.

ताईचं घर कोपरखैरण्याला, वन बीएचके. अभ्यासाचं टेबल भिंतीला दुमडणारं, त्यामुळे मोठं कॅबिनेट ठेवायला जागाच नव्हती. बजेट तीस हजारांच्या आत. त्यात रायझन 5 5600जी प्रोसेसर, मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाचा मदरबोर्ड, 16 जीबी रॅम, 512 जीबी एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवायला) आणि एसएमपीएससकट (सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग) येणारं छोटं कॅबिनेट असं बसवलं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम. मिनी-आयटीएक्स बोर्ड 170 बाय 170 मिलीमीटरचा, जेवणाच्या ताटाहूनही लहान. भाची खूश होती. मार्च-एप्रिलमध्ये काहीच तक्रार नव्हती.

पहिल्यांदाच छोटा पीसी बांधून तो असा बंद पडत असेल, तर माझे तीन आठवडे आणि साडेपाच हजार रुपये कुठे गेले ते आधी वाचा. तुमचे वाचतील.

मी काय काय बदललं

पहिला संशय विजेवर. दुपारी शेजारच्या खोलीतला एसी सुरू व्हायचा तेव्हा ट्यूबलाइट क्षणभर मंद व्हायची, म्हणून 600 व्हीएचा यूपीएस आणला. दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर बंद पडला. यूपीएसचा हिरवा दिवा चालू, त्याच यूपीएसवरचा मॉनिटर चालू, फक्त डबा मेलेला. खरं तर वीज निर्दोष आहे हे तिथेच सिद्ध झालं होतं. मी ते नीट वाचलं नाही आणि यूपीएसच खराब असेल असं धरून चाललो.

मग रॅम बदलली. मग प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. मग विंडोज नव्याने टाकलं, त्यात भाचीचा अख्खा रविवार गेला. शेवटी डबा सॅकमध्ये घालून मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठला. ट्रान्स हार्बर लोकलने ठाणे, तिथून दादर, मग ग्रँट रोड. दुकानदार भला माणूस. त्याने बाजूचा पत्रा काढला, टेबलावर तासभर स्ट्रेस टेस्ट (पूर्ण भार टाकून तपासणी) चालवली आणि म्हणाला, "साहेब, याला काही झालेलं नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे एसी चालू होता, पत्रा उघडा होता. त्या परिस्थितीत खरंच काही झालेलं नव्हतं. घरी मीही टेस्ट लावायचो ती रात्री जेवणं झाल्यावर. रात्री सगळं पास, दुपारी नापास.

बिघाड ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अवस्थेत होतो, त्याच वेळी, त्याच जागी, पत्रे बंद ठेवून तपासणी करायची. छोट्या डब्याच्या बाबतीत याहून महत्त्वाचं मला काही सापडलेलं नाही. मोठ्या कॅबिनेटमध्ये पत्रा उघडा की बंद याने दोन-चार अंशांचा फरक पडतो. लहान डब्यात पत्रा काढला की तो वेगळाच कॉम्प्युटर होतो.

बंद पडल्यानंतरची दहा मिनिटं बघा

बंद कसा पडला याकडे आपण लक्ष देतो, पण लगेच पुढे काय होतं ते बघत नाही. घाबरून बटण दाबत सुटतो. मी भाचीला सांगितलं, पुढच्या वेळी हात लावू नकोस. घड्याळ बघ, एकदाच बटण दाब आणि काय होतं ते वहीत लिही.

तिने लिहिलं : "3.12 ला बंद. बटण दाबलं, काही नाही. मागचा स्विच बंद-चालू केला, तरी काही नाही. 3.25 ला परत दाबलं, चालू."

या तीन ओळींनी मला यूपीएस, रॅम आणि पेस्टपेक्षा जास्त सांगितलं.

प्रोसेसर अति तापून बंद पडला असता तर बटण दाबल्यावर डबा बहुतेक लगेच चालू झाला असता. प्रोसेसरची आतली चिप लहान असते, काम थांबलं की काही सेकंदांत तिचं तापमान खाली येतं. तो पुन्हा थोड्या वेळाने बंद पडेल, पण सुरू तरी होईल. शिवाय आजचे प्रोसेसर सहसा असे एकदम मरत नाहीत. 5600जीची मर्यादा 95 अंश सेल्सियस आहे. तिथे पोहोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे मरायच्या आधी काम रेंगाळायला हवं होतं, आणि इथे रेंडर शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण वेगाने चालू होतं.

घरची वीज क्षणभर गेली असती तर बायोसमधल्या (मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्राममधल्या) सेटिंगप्रमाणे तो आपोआप सुरू झाला असता किंवा बटण दाबताच सुरू झाला असता. रॅमचा दोष असता तर निळी स्क्रीन, मध्येच गोठणं किंवा आपसूक रिस्टार्ट दिसलं असतं. एसएमपीएसवर जास्त भार पडला असता किंवा कुठे शॉर्ट झालं असतं, तर एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून घेतो, पण मागचा स्विच अर्धा-एक मिनिट बंद ठेवला की ते कुलूप सहसा उघडतं.

उरला एकच प्रकार. स्विच फिरवूनही जो उठत नाही आणि दहा-बारा मिनिटांनी बटण दाबताच उठतो, तो थंड व्हायची वाट बघत असतो. तापला होता एसएमपीएस. बऱ्या एसएमपीएसमध्ये अति तापमानाचं संरक्षण असतं. आतला भाग ठरावीक तापमानाच्या वर गेला की तो सगळा पुरवठा तोडतो आणि निवल्याशिवाय परत देत नाही. आमचा एसएमपीएस बिघडलेला नव्हता, तो जीव वाचवत होता.

पुरावा पक्का करा

तरी अंदाजावर पैसे घालवून मी एकदा पोळलो होतो, म्हणून या वेळी आधी नोंद ठेवली. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते उघडताना फक्त सेन्सर्सचा पर्याय निवडायचा आणि खालच्या पट्टीतलं लॉगिंगचं बटण दाबायचं. दर दोन सेकंदांनी सगळी तापमानं एका फाइलमध्ये लिहिली जातात. डबा मेला की त्या फाइलची शेवटची ओळ तुमचा साक्षीदार.

आमच्या फाइलच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर 81 अंशांवर होता. 95 पासून बराच लांब. एसएसडी 60 च्या आत. सगळं ठीक, आणि पुढची ओळच नाही. एसएमपीएसच्या आत सेन्सर असला तरी तो साध्या मॉडेलमध्ये कॉम्प्युटरला दिसत नाही, म्हणून ज्याची नोंद होत नाही तोच दोषी असू शकतो हे ध्यानात ठेवावं लागतं. या सॉफ्टवेअरमध्ये 12 व्होल्टचा आकडाही दिसतो. त्यावर फार विसंबू नका. मदरबोर्डवरचं ते मोजमाप बरेचदा थोडं इकडेतिकडे असतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर 41' अशी नोंद सापडेल. बरेच जण ती बघून "पॉवरचाच एरर आहे" असं ठरवून टाकतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. ती लिहिली जाते पुढच्या वेळी सुरू होताना. मात्र तिच्या तपशिलात 'बगचेककोड' बघा. तो 0 असेल तर निळ्या स्क्रीनची नोंद झालेली नाही, म्हणजे विंडोजला काही कळायच्या आत पुरवठा तुटलेला असण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे दर वेळी 0 होता. 0 सोडून दुसरा आकडा असेल तर ही पुढची सगळी खटपट बाजूला ठेवा आणि आधी रॅम तपासा. मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवला तरी पुरतं.

आत काय चाललं होतं

आमच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस मदरबोर्डच्या बरोबर डोक्यावर बसतो. छोट्या घनाकृती डब्यांत ही रचना सर्रास असते. प्रोसेसरसोबत आलेला कूलर 54 मिलीमीटर उंच. त्याचा पंखा वरची हवा ओढून खाली बोर्डाकडे ढकलतो. एसएमपीएसचा पंखा खालच्या तोंडाने, म्हणजे त्याच पोकळीतून हवा ओढून मागे बाहेर टाकतो. दोन पंखे समोरासमोर, मध्ये जेमतेम तीन सेंटीमीटर, आणि दोघंही तीच हवा ओढतायत. कूलरच्या धातूच्या पात्यांवरून तापून उठलेली हवा एसएमपीएसच्या तोंडात.

आणि त्या तीन सेंटीमीटरमध्ये मी केबल कोंबल्या होत्या. या एसएमपीएसच्या केबल सुट्या होत नाहीत. साटाच्या, मोलेक्सच्या (डिस्क वगैरेंना वीज देणाऱ्या) नको असलेल्या वायरी कुठेतरी लपवाव्या लागतात. बाजूने बघितलं तर डबा स्वच्छ दिसावा म्हणून मी त्या नीट घडी करून, टाय मारून वरच्या पोकळीत सरकवल्या होत्या. बिघाडाचं मूळ तिथे होतं. ते माझ्या हातचं होतं आणि त्याला एक रुपयाही लागत नव्हता.

हवा कशी फिरते ते बघायला मी उदबत्ती वापरली. पत्रे सगळे बंद, कॉम्प्युटरवर भार चालू, आणि जाळीपासून वीतभर लांब उदबत्ती धरायची. धूर आत ओढला जातो, बाहेर ढकलला जातो की तिथेच घुटमळतो ते स्वच्छ दिसतं. राख आणि निखारा जाळीवर पडू देऊ नका, आणि अर्धं मिनिट पुरे, धूर आत साठवायचा नाही. आमच्याकडे वरच्या जाळीजवळ धूर सरळ छताकडे गेला, म्हणजे तिथून आत काहीच जात नव्हतं. मागून बाहेर पडलेला गरम झोत मात्र भिंतीवर आपटून बाजूच्या जाळीतून परत आत शिरत होता. टेबल दुमडता यावं म्हणून डबा भिंतीला टेकवलेला होता ना.

माशांच्या टाकीत लावतात तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणून त्याचं टोक त्या पोकळीत सोडलं. खोली 35 अंश, पोकळी 58. एसएमपीएसला श्वास घ्यायला 58 अंशांची हवा मिळत होती.

इथे एसएमपीएसच्या लेबलबद्दल थोडं सांगतो, कारण नवख्याला दुकानात हे कुणी सांगत नाही. मोठ्या अक्षरांतले वॅट बघू नका. 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला 12 ने गुणा. आमच्यावर 16 अँपिअर होते, म्हणजे 192 वॅट. 5600जी हा 65 वॅटचा प्रोसेसर म्हणून विकला जातो, पण पूर्ण भारावर तो 88 वॅटपर्यंत घेऊ शकतो. बोर्ड, रॅम, एसएसडी धरूनही 192 पुष्कळ झाले. पण हे वॅट कोणत्या तापमानाला मोजलेत ते महत्त्वाचं. स्वस्त एसएमपीएसचे आकडे कित्येकदा 25 अंशांवरचे असतात, चांगल्यांचे 40 किंवा 50 अंशांवरचे. नवी मुंबईतल्या मे महिन्यात बंद डब्याच्या आत 25 अंश कुठून आणणार?

आम्ही केलेले बदल, फुकटापासून सुरुवात करून

आधी केबल. पोकळीतून सगळ्या बाहेर काढल्या आणि पुढच्या पत्र्यामागे, जिथे हार्ड डिस्कची रिकामी जागा होती, तिथे बसवल्या. डबा भिंतीपासून हातभर पुढे घेतला. एवढ्यानेच पोकळी 58 वरून 51 वर आली.

मग एसएमपीएस उलटा केला, म्हणजे त्याच्या पंख्याचं तोंड वरच्या जाळीकडे. आता तो बाहेरची ताजी हवा घेतो आणि प्रोसेसरच्या कूलरशी त्याची ओढाताण संपली. हे प्रत्येक कॅबिनेटमध्ये जमत नाही. एसएमपीएसच्या स्क्रूची भोकं उलट बाजूनेही जुळतीलच असं नाही, त्यामुळे मागच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंसाठी भोकं पाडलेली असतील तरच तो फिरतो. विकत घेण्याआधी हे फोटोत बघून घ्या. आणि एसएमपीएस फिरवा, पण त्याचं झाकण कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही तीनशे व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असू शकतो.

तिसरं, बायोसमध्ये प्रोसेसर 45 वॅटवर आणला. काही बोर्डांत याला इको मोड म्हणतात, काहींत सीटीडीपी. पूर्ण भारावरची ओढ 88 वरून साधारण 60 वॅटवर येते. भाचीचं जे चित्र अकरा मिनिटांत रेंडर व्हायचं ते आता साडेबारा मिनिटं घेतं. तिला चाललं. छोट्या डब्यात माझ्या मते ही पहिल्या दिवसापासून करायची गोष्ट आहे. शेवटच्या दहा टक्के वेगासाठी उष्णतेची फार मोठी किंमत मोजावी लागते.

सगळ्यात शेवटी पैसे खर्च केले. कॅबिनेटच्या मागे 80 मिलीमीटरची रिकामी जागा होती, तिथे हवा बाहेर टाकणारा एक पंखा लावला. पंख्याच्या चौकटीवर बाण नसेल तर ज्या बाजूला मधल्या चकतीला धरणाऱ्या दांड्या दिसतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते. पोकळी 43 अंशांवर आली.

यानंतर चाचणी. शनिवारी दुपारी दोन ते चार, खोलीची खिडकी नेहमीसारखी, पंखा नेहमीसारखा, सगळे पत्रे बंद, ओसीसीटी या सॉफ्टवेअरची पूर्ण भार टाकणारी पॉवर टेस्ट एक तास आणि मग भाचीचं खरं रेंडर. असे तीन शनिवार केले. एकदा पास झालं म्हणजे झालं असं धरू नका. नेमका त्या दिवशी ढगाळलेलं असू शकतं.

पावसात वेगळंच दुखणं

जुलैत तिचा पुन्हा फोन आला आणि माझ्या पोटात गोळा आला, पण या वेळी प्रकार वेगळा होता. पंखे फिरतात, स्क्रीनवर काही येत नाही. बोर्डवरचा रॅमचा छोटा दिवा लागून राहिलेला. अशा वेळी प्लग काढून, बटण दहा सेकंद दाबून ठेवायचं, दोन्ही रॅम काढायच्या, सोनेरी टोकांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं मऊ कापड फिरवायचं आणि दोन्हीकडून 'टक्' आवाज येईपर्यंत परत दाबायच्या. खोडरबराने घासायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याचे कण स्लॉटमध्ये अडकतात, मी सोडून दिलं. आमच्याकडे एक रॅम प्रवासात अर्धवट सुटली होती, बाकी काही नव्हतं. नव्या पिढीचा एएम5 बोर्ड आणि डीडीआर5 रॅम घेतली असेल तर मात्र पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं काळी स्क्रीन दिसणं साधं आहे. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बंद करू नका.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो कॉम्प्युटरचा दोष बहुधा नाही. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडी गळती अर्थिंगच्या वायरमध्ये सोडतो. भिंतीतल्या पॉइंटला अर्थिंगच नसेल तर ती पत्र्यावर येते. ताईच्या इमारतीत पॉइंट बरा होता, पण मध्ये लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात तिसऱ्या पिनची वायर जोडलेलीच नव्हती. इलेक्ट्रिशियनला बोलावून हे आधी बघून घ्या, कॉम्प्युटर नंतर.

ज्यांनी राइझर केबल (कार्ड बोर्डापासून लांब बसवायची वायर) लावून वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलंय आणि मध्येच स्क्रीन काळी होते, त्यांनी बायोसमध्ये पीसीआयई (कार्डाच्या जोडणीची पिढी) 'ऑटो'वरून 'जेन 3'वर आणून बघा. राइझर तिसऱ्या पिढीचा आणि बोर्ड, कार्ड चौथ्या पिढीचं असेल तर असं होतं.

धूळ हा आमच्याकडचा वेगळा विषय. एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता, पलीकडे एमआयडीसी. जाळीवर धुळीचा पातळ थर बसला तरी छोट्या डब्यात तापमान चढतं. भाची दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाळी काढून मऊ ब्रशने झाडते.

जून संपता संपता मी तो एसएमपीएस बदललाच, आणि त्याचं कारण सांगायला हवं. डबा व्यवस्थित चालत होता. पण आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, आणि या बिचाऱ्याने अख्खा मे महिना भट्टीत काढला होता. भाचीचं शेवटचं वर्ष आहे, सबमिशनच्या आदल्या रात्री तो गेला तर तिचं वर्षाचं काम अडकेल. त्याच मापाचा, केबल सुट्या होणारा 450 वॅटचा एसएफएक्स (छोट्या मापाचा) एसएमपीएस घेतला. नको त्या वायरी आता डब्यात नाहीतच. जुना माझ्याकडे माळ्यावर आहे, त्यावर मार्करने लिहून ठेवलंय : "मे महिन्यात तापून बंद पडत होता, कुणाला देऊ नये."